गिरिराजाची वाट आणि अंगणातील जुनी गाडी

आश्विनातील नवपदाची ओळी पूर्ण झाली की जैन घरांतून कार्तिक पौर्णिमेचे बोलणे सुरू होते. चातुर्मासात शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते. कार्तिक पौर्णिमेला ती पुन्हा खुली होते आणि आदिनाथ दादांच्या दर्शनासाठी पालिताण्यात भाविकांची रीघ लागते. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्याहून पालिताणा आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दिवाळीच्या दिवसांत रेल्वेचे आरक्षण मिळणे दुर्घट. घरात वयोवृद्ध माणसे, लहान मुले आणि चौविहार पाळणारी मंडळी. अशा वेळी कोणीतरी सहज म्हणते, "आपली गाडी आहेच की!" आणि अंगणात उभ्या असलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीकडे सगळ्यांची नजर वळते.

ही गाडी बहुधा घराच्या भरभराटीची साक्षीदार असते. सुमो, बोलेरो किंवा 2000 ते 2005 या काळात भारतात तयार झालेली क्वालिस यांसारखी वाहने अजूनही तालुक्याच्या गावांतून धावताना दिसतात. वडिलांनी घेतलेली, पेढीला लाभलेली गाडी विकण्यास मन धजत नाही. ती रोज चालतेही: पेढीवरून बाजार समितीत, तेथून एखाद्या खेड्यात आणि संध्याकाळी घरी. 'रोज चालते, कधी बंद पडली नाही' हे तिचे प्रशस्तिपत्र. परंतु नेमका येथेच हिशेब चुकतो. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे दोष त्या अंतरात प्रकट होतच नाहीत. सलग सहा तास, भरलेल्या डिकीसह, महामार्गाच्या वेगाने चालताना जी उष्णता आणि जो ताण निर्माण होतो, तो त्या गाडीने कित्येक वर्षांत अनुभवलेला नसतो. गावातील विश्वासू गाडी आणि लांबच्या यात्रेस योग्य गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यात्रेच्या आदल्या दिवशी गाडी धुवावी, स्वस्तिक काढावे, श्रीफळ वाहावे, ही रीत सुंदरच आहे. मात्र जैन आचारात जयणेला, म्हणजे प्रत्येक क्रियेतील सावधपणाला, जे स्थान आहे ते पाहता गाडीची तयारी ही केवळ मिस्त्रीची बाब राहत नाही. पाच समितींतील पहिली ईर्यासमिती. चालताना चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, असे ती सांगते. पायी चालणाऱ्याकडून एवढ्या दक्षतेची अपेक्षा असेल, तर दोन टन वजनाचे वाहन ताशी ऐंशीच्या वेगाने नेणाऱ्या श्रावकाची जबाबदारी किती वाढते, हे सांगावयास नको.

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत

ओळीची समाप्ती आश्विन पौर्णिमेला होते. तेथून कार्तिक पौर्णिमेपर्यंत बरोबर एक महिना मिळतो आणि जुन्या गाडीच्या तयारीला तेवढा अवधी लागतोच. तपासणी आणि मोठी कामे दिवाळीपूर्वी उरकावीत. दिवाळीत गॅरेज बंद असतात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि दुसरीकडे कापूस-सोयाबीनच्या हंगामामुळे व्यापाऱ्यालाही सवड नसते. ज्ञानपंचमीच्या सुमारास चाचणीचा प्रवास करावा. त्यानंतर निघेपर्यंत गाडीत कोणताही नवा भाग बसवू नये. नव्याने बसविलेला भाग सदोष असेल किंवा एखादा नट सैल राहिला असेल, तर ते पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत कळते. ते किलोमीटर घराजवळ झालेले बरे.

व्यापारी घरात दिवाळीला नवी वही पुजली जाते. त्याच वेळी गाडीसाठीही एक लहान वही घालावी. ऑइल कधी बदलले, बॅटरी कोणत्या महिन्यात घेतली, टायर किती किलोमीटरला टाकले, ब्रेकचे काम कधी झाले, याची नोंद नसलेल्या गाडीविषयी बोलणे म्हणजे खातेवही न पाहता नफा सांगणे होय.

कागदपत्रांची बाजू

खासगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात अशा वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो. गावात ही बाब वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. परराज्याच्या सीमेवर मात्र ती उघडी पडते. आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनीच नवे घ्यावे लागते. फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. जुन्या गाडीवरील फास्टॅग चालू स्थितीत आहे का, हे आधी पाहावे.

ज्यांना हस्तिनापूरची यात्रा करावयाची आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल व पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यांची अंमलबजावणी करण्यास सांगितले. पुढे त्या नियमांत बदल होत आले आहेत. हस्तिनापूर ज्या मेरठ जिल्ह्यात आहे, तो राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम विचारून घ्यावा.

पेढीचा पिकअप रिकामा आहे, त्यात गाद्या घालून दहा-बारा जण जाऊ, हा विचार तर मनातही आणू नये. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे कायद्याला मान्य नाही. अपघात झाल्यास मागे बसलेल्यांना विम्याचे संरक्षण मिळण्याची शाश्वती नसते, आणि त्यांना धरून ठेवणारा पट्टाही नसतो. गाडीतही नोंदणी पुस्तिकेत लिहिली असतील तितकीच माणसे बसवावीत. जुन्या गाड्यांत मागे समोरासमोर दोन आडवे बाक असतात. तेथे बहुधा पट्टे नसतात आणि मुलांना मात्र हटकून तेथेच बसविले जाते. त्या बाकांवर सामान ठेवावे, मुले नव्हेत.

टायरचे वय

गावात फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. वरून नक्षी खोल दिसते, परंतु रबर कडक होऊन बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असतात. प्रत्येक टायरवर त्याची जन्मतारीख लिहिलेली असते. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा एक गट असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. '3517' असे असेल, तर तो टायर 2017 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षे झालेला टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर निकामी समजतात. खाचांमध्ये ठरावीक अंतरावर असलेले छोटे उंचवटे ही ती खूण होय. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा.

टायर फुटण्यामागे पुष्कळदा हवा कमी असणे हे कारण असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने तापते आणि तापत तापत तुटते. म्हणून भरलेल्या गाडीसाठी किती हवा असावी, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावे आणि टायर थंड असताना सकाळीच ती भरावी. प्रवासात टायर तापून दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये. स्टेपनीचीही तीच परीक्षा करावी. चाकाचे नट घरीच एकदा सोडून पाहावेत. कित्येक वर्षे न उघडलेले नट गंजून बसतात, आणि ते महामार्गाच्या कडेला काळोखात कळणे फार महाग पडते. जॅक कसा लावतात, हे घरातील मुला-मुलींनाही शिकवून ठेवावे.

इंजिनाचे पाणी

मोताळा परिसर कापसाचा. जिनिंगच्या आवारात, धान्याच्या खळ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, भुसा आणि धूळ गच्च बसते. गावातल्या वेगात त्याचा परिणाम जाणवत नाही. घाटात मात्र तापमानाचा काटा चढू लागतो. आतील बाजूसही असेच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा येथून दूर नाही, आणि विंधन विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतल्याने आत क्षाराचे थर जमतात. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून त्यात योग्य प्रमाणात कूलंट भरावे. रबरी पाइप दाबून पाहावेत. ते फुगलेले, मऊ पडलेले किंवा तडकलेले असतील तर बदलावेत. रेडिएटरचे झाकण क्षुल्लक वाटते, परंतु तेच आतील दाब टिकवते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल असेल तर बाकी सर्व नवे असूनही गाडी उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

फॅन बेल्ट आणि ज्या इंजिनात असेल त्यात टायमिंग बेल्ट, हे दोन्ही किलोमीटरबरोबरच वयानेही खराब होतात. टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन जागीच थांबते आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून मोठा खर्च उभा राहतो. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर बदलून घेणेच शहाणपणाचे.

बोनेट उघडताना थोडी जयणा असावी. चातुर्मासात कमी फिरलेल्या गाडीत कोळ्यांची जाळी, गांधीलमाशीचे पोळे, क्वचित पक्ष्याचे घरटेही असते. थंडीच्या पहाटे मांजर उबेसाठी इंजिनावर येऊन निजते. सुरू करण्यापूर्वी बोनेटवर दोन थापा माराव्यात, उघडून पाहावे, जाळीतील जीव पुंजणीने हळुवार बाजूला करावेत. काढलेले जुने ऑइल नालीत ओतू नये. ते पाण्यातल्या असंख्य जिवांचा घात करते. गॅरेजकडूनच त्याची योग्य विल्हेवाट लावून घ्यावी.

ब्रेक

ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभरावर किलोमीटरचा प्रवास पतीने बनविलेल्या मोटारीतून केला. मोटारीने केलेला जगातील पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेतील उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा तिने गावातील चांभाराकडून त्यांवर चामड्याचे अस्तर ठोकून घेतले. आजच्या ब्रेक लायनरची ती सुरुवात मानली जाते. लांबच्या वाटेवर गाडीचे पहिले दुखणे ब्रेकचे असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

लायनर आणि पॅड सर्वजण पाहतात. ब्रेक ऑइल कोणी पाहत नाही. हे ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. ओलावा मुरलेले ऑइल घाटातील सततच्या ब्रेकने तापून उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी पॅडल नुसते खाली जाते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न उतरता खालच्या गिअरमध्ये उतरावे, हेही चालकाला बजावून सांगावे.

दिवे, वायरिंग आणि गॅस

जुन्या गाडीत हौसेने जोडलेली उपकरणे बरीच असतात: जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाइलचे चार्जर, समोरच्या छोट्या मंदिरातील रोषणाई. फ्यूज न लावता, चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड हे आगीचे घर आहे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा त्यात भर घालतात. अशी सर्व जोडणी काढून टाकावी किंवा नीट फ्यूजसह करून घ्यावी. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर तिची तपासणी करावी. मागे सामान भरले की गाडीचे तोंड उचलले जाते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दिव्यांचा कोन सामान भरून तपासावा.

शुद्ध आहाराच्या आग्रहापोटी काही मंडळी गाडीत लहान सिलिंडर आणि शेगडी घेतात. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या खासगी रेल्वेडब्यात लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला होता. खाकरे, सुका नाश्ता आणि उकळलेले पाणी एवढ्यावर दिवस सहज निघतो, आणि मुक्काम तीर्थक्षेत्री असला की धर्मशाळा व भोजनशाळा असतेच.

राजूर घाटाची परीक्षा

मोताळेकरांना चाचणीसाठी दूर जावे लागत नाही. बुलढाण्याच्या वाटेवर राजूर घाट उभा आहेच. जितकी माणसे आणि सामान नेणार तितके वजन भरून, भर दुपारी, हा घाट चढावा. तापमानाचा काटा कोठवर जातो, क्लच घसरतो का, सायलेन्सरमधून धूर कसा येतो, हे पाहावे. उतरताना ब्रेकचा पाय मऊ पडतो का, गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. घरी आल्यावर रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेला प्रत्येक डाग काही सांगत असतो: काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा लालसर असेल तर कूलंट, चाकाजवळ असेल तर ब्रेक. दुसऱ्या दिवशी मलकापूरवरून महामार्गाने भुसावळपर्यंत जाऊन यावे, म्हणजे घाट आणि वेग अशा दोन्ही कसोट्या होतात. पुढे धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर आणि सुरत असा मार्ग आहे. सुरतेनंतर भरूच-वडोदरा मार्गे वळसा घालावा लागतो, किंवा नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या हजिरा-घोघा जलमार्गाने गाडीसह समुद्र ओलांडता येतो. त्या बोटीचे वेळापत्रक मात्र आधी विचारावे.

सूर्यास्ताचा नियम

जुलै 2023 बुलढाणा जिल्हा विसरणार नाही. 1 जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. त्याच महिन्याच्या 29 तारखेला मलकापूर येथे दोन खासगी बसगाड्यांची टक्कर होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक बस अमरनाथ यात्रेहून परतत होती. दोन्ही घटना मध्यरात्रीनंतरच्या. माणसाचे शरीर ज्या वेळी निद्रेच्या अधीन असते, त्या वेळी महामार्ग सर्वांत निर्दय असतो.

रात्रिभोजन त्यागाचा नियम पाळणाऱ्या घराला येथे वेगळा नियम शिकावा लागत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन करावयाचे तर सूर्यास्तापूर्वी गाडी थांबलीच पाहिजे, आणि एकदा थांबलेली गाडी पुन्हा काढण्याचे कारण नाही. प्रवासाचे दोन दिवस करावेत. प्रकाशाला झेपावणारे कीटकही त्यामुळे वाचतात. ज्याचा उपवास किंवा एकासणे असेल, त्याने त्या दिवशी चाकामागे बसू नये. तप त्याचे असते. गाडीतील प्राण मात्र सर्वांचे असतात. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा 1033, तातडीचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक काचेजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत.

विहाराच्या वाटेवर

परतीच्या प्रवासात एका गोष्टीचे भान सर्वाधिक हवे. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि देशभरातील साधू-साध्वी भगवंतांचा विहार सुरू होतो. यात्रेकरूंच्या गाड्या ज्या दिवसांत परततात, त्याच दिवसांत, त्याच महामार्गांच्या कडेने, भल्या पहाटे श्वेतवस्त्रधारी साध्वीजी अनवाणी चालत असतात. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वी काळधर्म पावल्याच्या बातम्या समाजाने पुनःपुन्हा ऐकल्या आहेत. प्रत्येक वेळी शोक होतो, सभा होतात, आणि धडक देणारा चालक कोणी परका होता असे आपण मनाशी धरतो.

धुके पडलेली पहाट, धूसर काच, एक मंद दिवा, ओलावा मुरलेले ब्रेक ऑइल आणि रात्रभर जागलेला चालक एवढे जमून आले, की तो चालक श्रावकही असू शकतो. वायपरची शंभर-दोनशे रुपयांची पट्टी किंवा दिव्याची काच घासून घेणे ही किरकोळ कामे नव्हेत. ती ज्यांच्यासाठी आहेत त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, एवढेच. उजाडल्यावरच निघावे, वस्तीजवळ वेग कमी करावा, आणि विहार दिसताच दूर अंतरावरूनच गाडी हळू करावी.

'नाही' म्हणण्याचे धैर्य

एवढे करूनही मिस्त्री कधी कधी स्पष्ट सांगतो, "गाडी गावात चालवा, पालिताण्याला नेऊ नका." हा क्षण अवघड असतो. तारीख ठरलेली असते, सोयरे तयार असतात, आणि वडिलांच्या गाडीविषयी असे ऐकणे मनाला लागते. परंतु बुडीत येणे वेळीच ओळखून बाजूला काढणारा व्यापारीच टिकतो. दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी. ती ओलांडली तर भाड्याची चांगली गाडी घ्यावी, अथवा मुंबई-हावडा मार्गावरील मलकापूर स्थानक जवळच आहे; तिकीट मिळेल त्या दिवशी जावे. यात्रा पौर्णिमेनंतरही खुलीच असते.

शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढणारा यात्रेकरू प्रत्येक पायरीवर पाऊल जपून ठेवतो. त्या पायऱ्यांपर्यंत नेणारी आठशे किलोमीटरची वाटही त्याच यात्रेचा भाग आहे. तिच्यावरही पाऊल तसेच जपून पडावे.